गुंडाळलेल्या पानात कोण राहते?

आपल्या वऱ्हाडात कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. श्रावण-भाद्रपदात, म्हणजे विहारांतून वर्षावासाचे ग्रंथवाचन चालू असते त्या दिवसांत, पऱ्हाटी कमरेला लागते, पात्या-फुले धरू लागते. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील काळ्या वावरांत निंदणाला गेलेल्या बाया तासातून पुढे सरकत असताना मध्येच एखादे पान पुंगीसारखे वळलेले दिसते. पान तोडून उलगडावे, तर आत पांढऱ्या धाग्यांचे जाळे, काळ्या बारीक दाण्यांची घाण आणि त्या घाणीत वळवळणारी हिरवट, चकचकीत अळी. हात लागताच ती झटक्याने मागे सरकते आणि धाग्याला लोंबकळत खाली उतरते. मोठ्या वयाच्या आपल्या मायबहिणींना हे दृश्य चांगले ओळखीचे आहे.

या अळीला शेतीच्या पुस्तकात ‘पाने गुंडाळणारी अळी’ असे सरळ नाव आहे. कौटुंबिक पानावर हा कीटक कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की वावरात कोणती कीड आहे आणि ती किती घातक आहे याची ओळख नसली म्हणजे गरज नसताना विष फवारले जाते. ते विष पाठीवर वाहणारा माणूस बहुतेक वेळा वावराचा मालक नसतो. तो आपल्याच घरातला कोणीतरी असतो. वडील असतात, धनी असतो, कॉलेजची फी भरायला रोजीने गेलेला पोरगा असतो. म्हणून ही ओळख घरातल्या प्रत्येकाला असावी, असे आम्हाला वाटते.

नाव आणि गाव

दिवाबत्तीला कंदिलाभोवती जी पाखरे येतात त्या पतंगांच्या मोठ्या जमातीतला हा एक पतंग. शास्त्रज्ञ त्याला ‘हरितालोडिस डेरोगाटा’ म्हणतात. जुन्या पुस्तकांत ‘सायलेप्टा डेरोगाटा’ असे नाव सापडेल. प्राणी एकच, नाव बदलले. डेन्मार्कचे कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांनी १७७५ साली त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली. म्हणजे अडीचशे वर्षे तो माणसाच्या दप्तरात आहे.

त्याचे गाव कोणते म्हणाल, तर उष्ण प्रदेशातला जवळजवळ प्रत्येक कापूसपट्टा. आफ्रिका, भारत, ब्रह्मदेश, चीन, थेट ऑस्ट्रेलियापर्यंत तो आढळतो. नांदगावच्या वावरात दिसणारी ही वळकटी आफ्रिकेतल्या कापूस वेचणाऱ्या बाईलाही तशीच दिसते.

कापसाखेरीज त्याची नातीगोती आहेत ती भेंडीच्या कुळातल्या झाडांशी. कापूस, भेंडी, अंबाडी आणि अंगणातली जास्वंद ही सारी एकाच कुळातली. विश्वास बसत नसेल तर त्यांची फुले शेजारी शेजारी ठेवून पाहा. पाच पाकळ्या आणि मधोमध परागांचा दांडा, हे सगळ्यांत सारखे. आपण फुलावरून हे नाते ओळखतो, पाखरू ते पानाच्या वासा-चवीवरून ओळखते. त्यामुळे धुऱ्यावरची अंबाडी भाजीसाठी खुडताना किंवा परसातली भेंडी तोडताना अशीच वळकटी हाती लागली, तर तिच्यात बहुधा हाच पाहुणा असतो. भिण्याचे कारण नाही. ही अळी चावत नाही, तिच्या अंगाला खाज आणणारे केसही नाहीत. खराब पान बाजूला काढावे, उरलेली भाजी स्वच्छ धुऊन भाकरीसोबत खुशाल खावी.

अंड्यापासून पाखरापर्यंत

या जीवाचे आयुष्य चार टप्प्यांचे असते. अंडे, अळी, कोष आणि पतंग.

मादी रात्री फिरते आणि पानाच्या खालच्या बाजूला एकेक करून अंडी घालते. एक मादी दोनशे ते तीनशे अंडी घालू शकते. अंडे इतके बारीक असते की साध्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. हवेत ऊब असली तर दोन दिवसांत, नाहीतर पाच-सहा दिवसांत त्यातून अळी बाहेर पडते.

पहिले काही दिवस लहान अळ्या पानाच्या खालच्या बाजूलाच राहून वरवरचा हिरवा भाग खरवडून खातात. या वयात त्यांना घर नसते. थोडे अंग धरले की त्या पान वळायला लागतात आणि वळकटीच्या आत बसून पानाच्या कडा कुरतडतात. अळी वाढते पण तिची कातडी वाढत नाही, म्हणून ती अनेकदा कात टाकते. एक पान खाऊन संपत आले की दुसऱ्या पानावर जाऊन नवे बिऱ्हाड थाटते. हा अळीपणा हवामानाप्रमाणे पंधरा ते पस्तीस दिवस चालतो. पूर्ण वाढलेली अळी इंचभर लांब, फिक्या हिरव्या रंगाची, काळपट डोक्याची असते. अंग इतके पातळ की आतले हिरवे अन्न बाहेरून दिसावे.

मग ती खाणे सोडते. त्याच वळकटीत किंवा खाली पडलेल्या पाल्यापाचोळ्यात तिचा लालसर तपकिरी कोष होतो. बाहेरून तो मेल्यासारखा निश्चल असतो, पण आत जुनी अळी मोडून नवे शरीर घडत असते. जबडे जातात, सोंड येते. सरपटणारे अंग जाते, पंख येतात. सहा ते बारा दिवसांत कोष फुटतो आणि पतंग बाहेर येतो. त्याचे पंख पिवळसर पांढरे, त्यावर तपकिरी नागमोडी रेषा काढलेल्या. डोक्यावर आणि छातीवर काळे ठिपके. पसरलेल्या पंखांची रुंदी इंचभर किंवा थोडी अधिक. हा पतंग सुमारे आठवडाभर जगतो. तो पान खात नाही. जोडीदार शोधणे आणि अंडी घालणे एवढेच त्याचे काम.

अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा सारा फेरा तेवीस ते त्रेपन्न दिवसांचा. त्यामुळे एका खरिपात एकाहून अधिक पिढ्या होतात. हिवाळा आला, पीक संपले की शेवटच्या पिढीच्या अळ्या वाळल्या पानांत आणि काडीकचऱ्यात दडून बसतात. पुढच्या पावसाळ्याची वाट पाहतात.

शिवणकाम करणारी अळी

दोन-अडीच सेंटीमीटरची, हाडे नसलेली अळी हाताच्या पंजाएवढे पान वळते तरी कशी? तिच्याजवळ ना सुई, ना हात.

तिच्याजवळ धागा आहे. रेशमाच्या किड्याप्रमाणे या अळीच्या शरीरातही रेशमाच्या ग्रंथी असतात आणि खालच्या ओठाजवळच्या बारीक छिद्रातून ओले रेशीम बाहेर येते. अळी आपले डोके एका बाजूने दुसऱ्या बाजूला झुलवत पानाच्या कडेपासून पानाच्या मध्यापर्यंत धागे टाकत जाते. प्रत्येक धागा ती ताणून चिकटवते. ताणलेला धागा आखडू पाहतो आणि कड किंचित आत ओढतो. एका धाग्याने काही होत नाही. पण शेकडो धागे शेजारी शेजारी पडले की कड हळूहळू उचलली जाते. मग आणखी आतून नवे धागे घातले जातात, जुने सैल पडतात, आणि होता होता पानाची पुंगी होते. खाट विणणाऱ्या माणसाने नवार ओढून बांधावी तसाच हा प्रकार आहे. ताण थोडा थोडा, पण प्रत्येक पट्टीचा.

या घराचे फायदे तिला पुष्कळ आहेत. ऊन लागत नाही, पावसाचा मार लागत नाही, कोतवाल आणि साळुंकीच्या चोचीपासून आडोसा मिळतो. आणि घरच खायचे असल्यामुळे बाहेर पडावे लागत नाही. ढगाळ, दमट दिवसांत, दाट वाढलेल्या आणि सावलीतल्या झाडांवर ती अधिक दिसते, हेही त्यामुळेच.

पण या घराचा एक तोटाही आहे. घर बांधून ती आपला पत्ताच लिहून ठेवते. मावा, फुलकिडे पाहायचे तर पान उलटून डोळे बारीक करावे लागतात. गुलाबी बोंडअळी तर बोंड फोडल्याशिवाय दिसत नाही. ही अळी मात्र दहा पावलांवरून सांगते, की मी इथे आहे. हीच गोष्ट माणसाच्या कामाची आहे. तिच्याकडे आम्ही पुढे येऊच.

वळलेले प्रत्येक पान तिचे नव्हे

पान वाकडे दिसले की अळी आली, असा समज करून घेणे चूक आहे. पऱ्हाटीचे पान अनेक कारणांनी वळते.

तुडतुड्यांनी रस शोषला की पानाच्या कडा खाली वळतात, पिवळ्या आणि मग लालसर होतात. फुलकिड्यांनी खरवडले की पान वर वाटीसारखे होते. मावा असला की पान चिकट होते. तणनाशकाचा वारा शेजारच्या वावरातून लागला तर कापसाची पाने अरुंद, फाटलेली, भेंडीच्या पानासारखी होतात. या कशातही धागे नसतात.

म्हणून परीक्षा सोपी आहे. वळलेले पान उलगडून पाहा. आत रेशमाचे धागे, काळी विष्ठा आणि कुरतडलेली कड असेल तरच ही अळी. नसेल तर कारण दुसरे आणि उपायही दुसरा. ही परीक्षा न करताच दुकानात जाऊन ‘पाने वळली, औषध द्या’ म्हटले, तर दुकानदार काहीतरी बाटली देणारच. पैसा जातो, विष पसरते आणि रोग होता तिथेच राहतो.

तुरीच्या शेंड्याची पाने एकमेकांना चिकटवणारी अळी, सोयाबीन-भुईमुगाची पाने पोखरून दुमडणारी अळी आणि भंडारा-गोंदियाकडे धानाचे पान लांबीत मिटवणारी अळी, या सगळ्या याच धंद्यातल्या, पण वेगळ्या जाती आहेत. कापसावरची अळी धानावर जात नाही, धानावरची कापसावर येत नाही.

बीटी आली आणि चित्र बदलले

आजच्या तरुण मुलांनी ही वळकटी क्वचितच पाहिली असेल. त्याचे कारण आहे. मार्च २००२ मध्ये आपल्या देशात बीटी कापसाच्या लागवडीला परवानगी मिळाली. मातीत राहणाऱ्या ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ नावाच्या जिवाणूतले एक जनुक कापसात घालून हे बियाणे तयार झाले. त्यामुळे झाडाच्या पानातच एक प्रथिन तयार होते. अळीने पान खाल्ले की ते प्रथिन तिच्या आतड्याला भोके पाडते, ती खाणे सोडते आणि मरते. हे बियाणे बोंडअळ्यांसाठी आणले गेले, पण पान खाणारी ही अळीही त्यात सापडली. बीटीच्या वावरात तिचा मागमूस कमी झाला.

ती नाहीशी मात्र झाली नाही. देशी कापसावर, सेंद्रिय पद्धतीने घेतलेल्या बिगर बीटी कापसावर, परसातल्या भेंडीवर, धुऱ्यावरच्या अंबाडीवर ती आजही आपले घर बांधते. बीटीच्या पाकिटासोबत बांधाकडेने लावायला बिगर बीटी बियाण्याची वेगळी पुडी यायची. तीही पुष्कळांनी लावलीच नाही. अळ्यांच्या अंगी विषाला दाद न देण्याचा गुण लवकर येऊ नये, म्हणून ती पुडी होती. पुढे गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत नेमके तेच झाले. बीटीचे प्रथिन तिने पचवायला सुरुवात केली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या बोंडांची तिने नासाडी केली.

कीटक लहान असतो, पण त्याची पिढी महिन्याभरात बदलते. जे विष आज चालते ते उद्या चालेलच असे नाही. म्हणूनच एका उपायावर डोळे मिटून विसंबणे धोक्याचे.

तिचे वैरी, आपले सोयरे

थोडा हिशोब मांडू. एका मादीची दोनशे अंडी धरली आणि सगळी जगली, त्यात निम्म्या माद्या निघाल्या, तर दुसऱ्या पिढीत वीस हजार अळ्या व्हायला हव्यात. तिसऱ्या पिढीत वीस लाख! तसे झाले असते तर वऱ्हाडात कापसाचे पान शिल्लक राहिले नसते. मग या अळ्या जातात कुठे?

त्यांना खाणारे आहेत. ट्रायकोग्रामा नावाची डोळ्यांना दिसेल न दिसेल अशी गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यातच आपले अंडे घालते. अपँटेलिस नावाची दुसरी बारीक गांधीलमाशी अळीच्या अंगात अंडी घालते, तिची पिल्ले अळीला आतून खाऊन बाहेर पडतात आणि तांदळाच्या कणीसारखे पांढरे कोष विणतात. कोळी आहेत, क्रायसोपाची पिल्ले आहेत, प्रार्थनाकीटक आहेत. डवऱ्याच्या मागे मागे फिरणारे बगळे आणि साळुंक्या आहेत. या सगळ्यांची रोजी वावरातच आहे आणि ते पैसे मागत नाहीत.

जहाल विष मारले की आधी हे मरतात. कारण ते उघड्यावर फिरतात आणि अळी वळकटीत सुरक्षित बसलेली असते. अंगाला लागून मारणारे औषध पुंगीच्या आत नीट पोचतच नाही. म्हणजे चोर घरात आणि मार पहारेकऱ्याला! फवाऱ्यानंतर काही दिवसांनी कीड पुन्हा जोमाने उठते, ती पुष्कळदा अशी.

दोन बोटांचा उपाय

अळीने आपला पत्ता लिहून ठेवला आहे, असे आम्ही वर म्हटले. उपाय तिथेच आहे.

निंदताना, डवरणीच्या मागे चालताना, भेंडी तोडताना वळकटी दिसली की ती दोन बोटांत धरून दाबावी. पान हिरवे असेल तर झाडावर राहू द्यावे, त्याचे काम ते करीत राहील. पान खाऊन चाळण झाले असेल तर तोडून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकावे. तोडून धुऱ्यावर फेकू नये, अळी तिथून पुन्हा चालत येते. पान उलगडल्यावर आत पांढरे बारीक कोष दिसले तर ते मात्र राहू द्यावे. ते आपल्या बाजूचे सैन्य आहे.

थोडीफार पाने गेली म्हणून पऱ्हाटी मरत नाही. तिच्याजवळ नवी पाने फोडायची ताकद असते. नुकसान खरे होते ते अळी फार वाढून झाडेच्या झाडे बोडकी झाली, बोंडे वेळेआधी फुटू लागली तर. तेवढी वेळ येऊ न देण्यासाठी आठवड्यातून एकदा वावरातून डोळसपणे फिरणे पुरते.

अळ्या लहान असताना, घर बांधण्याआधी, निंबोळी अर्क चांगला उपयोगी पडतो. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या बारीक कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून गाळून त्यात थोडा साबणाचा चुरा मिसळावा आणि एकूण पाणी शंभर लिटर करावे. संध्याकाळच्या वेळी पानाच्या खालच्या बाजूला लागेल असा फवारावा. निंबोळ्या उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडी झाडाखाली पडतात. मुलांनी वेचून वाळवून ठेवल्या की झाले.

वेचा संपला की वावरातला पाला, काडीकचरा साफ करावा. फरदड घेऊ नये. पऱ्हाट्या जळणासाठी घरी आणतो, त्या वावराच्या कडेला महिनोन्महिने रचून ठेवू नयेत. त्यात या अळीपेक्षाही गुलाबी बोंडअळीचे फावते.

हाताने वळकट्या वेचण्याचे काम मोठ्या वावरात परवडत नाही, असे काही शेतकरी म्हणतील. प्रादुर्भाव फार असेल तर ते खरेही आहे. तेव्हा कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारूनच पुढचे पाऊल टाकावे. पण एक हिशोब त्यांनीही करावा. बाटलीचा पैसा गावाबाहेर जातो, वेचणीचा पैसा गावातल्याच बाईच्या हातात पडतो आणि तिच्या घरची चूल पेटवतो.

याच नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या पापळ गावी १८९८ साली डॉ. पंजाबराव देशमुख जन्मले. ते पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. १९६९ साली अकोल्याला कृषी विद्यापीठ निघाले, त्याला आज त्यांचेच नाव आहे. नागपूरला १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. म्हणजे कापसाच्या किडीवर डोके चालवणारी माणसे आपल्या उशापायथ्याशी आहेत. त्यांचे ज्ञान दुकानाच्या काउंटरवरून न येता सरळ आपल्या वस्तीपर्यंत यावे, एवढी मागणी आपण करायला हरकत नाही.

पंप कोणाच्या पाठीवर?

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते विसरण्यासारखे नाही. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावे लागले. सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. ती फवारणी आपल्या या पान गुंडाळणाऱ्या अळीसाठी नव्हती. ती मुख्यतः रसशोषक किडी आणि बोंडअळीसाठी होती. पण धडा सगळ्यांसाठी एकच आहे. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, तोंडाला रुमालाखेरीज काही नाही आणि फवाऱ्याचे तुषार सरळ अंगावर. अशा स्थितीत कितीतरी माणसे रोजीसाठी वावरात शिरली.

म्हणून प्रत्येक घरात काही गोष्टी पाठ असाव्यात. औषधाच्या डब्यावर रंगाची खूण असते. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, त्यानंतर निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. अक्षर वाचता येत नसले तरी रंग ओळखता येतो. फवाऱ्याला जाणाऱ्याने डबा दाखवा म्हणावे. ही उद्धटपणाची गोष्ट नाही, जिवाची आहे. हातमोजे, मुखवटा, चष्मा, अंगभर कपडे मालकाकडून मागून घ्यावेत. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये. दोन औषधे मनाने कालवू नयेत. फवारताना बिडी-तंबाखू, खाणे-पिणे टाळावे. घरी आल्यावर साबणाने आंघोळ करावी आणि ते कपडे घरच्या इतर धुण्यात मिसळू नयेत. रिकामा डबा पाण्यासाठी, धान्यासाठी कधीही वापरू नये.

डोके दुखणे, घाम फुटणे, तोंडाला लाळ सुटणे, अंधुक दिसणे, उलटी, स्नायू फडफडणे, धाप लागणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. ‘ऊन लागले’ म्हणून माणसाला सावलीत निजवून ठेवू नका. बाहेरची बाधा समजून उतारा काढत बसू नका. कपडे उतरवून अंग साबणाने धुवा, जबरदस्तीने उलटी काढू नका आणि औषधाचा डबा सोबत घेऊन ताबडतोब सरकारी दवाखाना गाठा. कोणते विष आहे हे डॉक्टरला कळले तर उतारा लवकर मिळतो.

मुलांनो, हे करून पाहा

शाळेत चौथी-पाचवीपासून जीवनचक्राचे चित्र काढायला सांगतात. चित्रापेक्षा खरे जीवनचक्र पाहण्यात मजा अधिक आहे. फवारा न मारलेल्या भेंडीवरची किंवा अंबाडीवरची एक वळकटी अळीसकट आणा. काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला पातळ फडके बांधा. रोज एक ताजे पान द्या, घाण काढा आणि हात धुवा. वहीत तारीख टाकून लिहा. आज अळी किती लांब? कात कधी टाकली? नवे पान वळायला किती वेळ लागला? खाणे कधी थांबले? कोष कोणत्या रंगाचा?

मग एखाद्या सकाळी बरणीत पिवळसर पतंग बसलेला दिसेल. कदाचित पतंगाऐवजी एखादी बारीक गांधीलमाशीच बाहेर येईल. तसे झाले तर निराश होऊ नका. तुमच्या अळीला वावरातच कोणीतरी गाठले होते, याचा तो पुरावा. पुस्तकातले चित्र हे दाखवत नाही, तुमची वही दाखवील.

मग ती वही आई-बाबांना वाचून दाखवा. दिवसभर वावरात राबून आलेल्या माणसाला पोराच्या तोंडून आपल्याच वावरातली नवी गोष्ट कळते, तेव्हा त्याला बरे वाटते. आणि उद्या कोणी ‘पाने वळली, चल पंप घे’ म्हणाले, तर पंप उचलण्याआधी तो एक पान उलगडून नक्की पाहील.